शंभर टक्के प्लेसमेंट अशी करा

इंजिनीअरिंग कॉलेज काढायचं मनात आहे? मग लॅब, प्राध्यापक, पंखे यांचं नंतर बघू. आधी फ्लेक्स छापा. भाचीच्या कॅप राउंडपायी (म्हणजे सरकारी प्रवेशफेरी) गेल्या आठवड्यात चार कॉलेजं पालथी घातली. चारही ठिकाणी १०० टक्के प्लेसमेंट. तिथे मिळालेलं ज्ञान फुकट वाटतोय, घ्या.

टक्केवारी वाढवायला नोकऱ्या वाढवाव्या लागत नाहीत, पोरं कमी करावी लागतात. बॅकलॉगवाले, म्हणजे विषय राहिलेले, बाद. ६० टक्क्यांच्या आतले बाद. ‘पुढे शिकायचंय’ म्हणणारे बाद (नसतील म्हणत तर सही घ्या, फॉर्म तयार ठेवा). उरले ते ‘पात्र’. १८० पैकी ४० पात्र, चाळिसांना नोकरी. झाले शंभर टक्के!

एकाच पोराला तीन ऑफर आल्या तर तीन मोजा.

पगार सीटीसीत सांगा, म्हणजे पोरगा कंपनीला वर्षाला एकूण केवढ्याला पडतो तो आकडा. कंपनीचा पीएफचा वाटा, विम्याचा हप्ता, ग्रॅच्युइटी, सगळं धरून. हातात किती येणार, हे विचारणारा पालक खडूस समजावा.

आता ब्रह्मास्त्र, म्हणजे सरासरी. नऊ जणांना तीन-तीन लाख, एकाला ४३ लाख. सरासरी बरोब्बर सात लाख! सात लाखवाला एकही पोरगा वर्गात नाही, पण गणितात चूक काढून दाखवा. याच दहा जणांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर मधल्याचा पगार तीनच लाख. त्याला मध्यक म्हणतात, दहावीला असतो. एनआयआरएफसाठी, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-क्रमवारीसाठी, पगाराचा मध्यकच भरावा लागतो, म्हणजे आकडा कॉलेजकडे असतो. वेबसाइटच्या तळाशी, कुठल्याशा पीडीएफमध्ये. फ्लेक्सवर मात्र ४३ लाख आणि त्या बिचाऱ्याचा कोट घातलेला फोटो. मी विचारलं, “मॅडम, मध्यक किती?” तर म्हणाल्या, “सर, आमच्याकडे मध्यम मुलं नसतातच.”

हसू नका. आमच्या दाजींनी त्या सात लाखांवर विसंबून कर्जाचे हप्ते मांडलेत, अर्धा एकर विकायला काढलाय. लाज कशी वाटत नाही तुम्हाला? खोटा आकडा एकही नाही आणि खरं एक अक्षर नाही! त्या उरलेल्या १४० पोरांचं काय झालं, ते छापा ना फ्लेक्सवर.

आणि पालकहो, आपण तरी काय करतो? मांडवात बसून माना डोलावतो. मीही डोलावली. पेढाही खाल्ला.