‘चांगलं इंजिन खोलून बिघडवलं’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार साहेब. तुमच्या तक्रारी तीन: हाताने अलगद फिरणारं इंजिन आम्ही खोलून बिघडवलं, तीन आठवड्यांचं काम सात आठवडे चाललं, आणि बिल पहिल्या आकड्याच्या दुपटीवर गेलं. शेवटच्या दोन खऱ्या आहेत. पहिली नाही.

इंजिन हाताने फिरलं तर ते जाम नाही, एवढंच कळतं. उलट फारच अलगद फिरलं की मला धास्ती वाटते, कारण कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर, चांगलं असेल तर प्लग बसवलेले असताना पाना मध्ये मध्ये अडतो. तुमचा कुठेच अडला नाही. ते इंजिन तुम्ही सुरू करून न बघता, ‘आहे तसं’ या बोलीवर घेतलं होतं.

खालचं चेंबर, म्हणजे ऑइलचं भांडं, उतरवलं तर ऑइल दुधाळ, घट्ट झालेलं; म्हणजे त्यात पाणी. हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, आणि ब्लॉक यांच्यामधली सीलची पट्टी) दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरच्या मधून पाण्याच्या वाटेपर्यंत जळालेलं. हेडवर सरळ पट्टी धरली तर खालून ०.१५ मिमीचं फीलर (फट मोजायची पातळ पाती) जात होतं. या इंजिनाला ०.०५ च्या वर चालत नाही. एवढं हेड वाकायला इंजिन चांगलं तापावं लागतं, आणि आमच्याकडे ते एकदाही सुरू झालं नव्हतं. पाणी मिसळलेल्या ऑइलवर चालल्याने बिग एंड बेअरिंगचा (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथलं बेअरिंग) वरचा थर जाऊन तांबं दिसत होतं, क्रँकवर, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यावर, चरे होते. तिसऱ्या सिलिंडरमध्ये गंजाचं कडं, नखाला लागेल इतकं. (डिझेल ओतून इंजिन कुणीतरी आधी मोकळं केलं असावं, म्हणून फिरत होतं.) असं कडं होनिंगने, म्हणजे सिलिंडर आतून हलकेच घासून, जात नाही. बोअर (सिलिंडरची आतली भोकं) ०.५० मिमीने वाढवले, चारही, कारण एकातच मोठा पिस्टन टाकून मी इंजिन बांधत नाही. क्रँक ०.२५ मिमीला घासला.

आता आमच्या चुका. न खोलता मी आकडा सांगितला, तो सांगायलाच नको होता. हेड आणि बोअरसाठी तुम्हाला फोन केला, पण क्रँक न विचारताच मशीन शॉपला पाठवला. त्या ग्राइंडिंगचे पैसे परत करतो. बेअरिंगचे नाही, ते कसंही बदलावंच लागलं असतं. उशिरातले दोन आठवडे आमच्या मुलाने मोठ्याऐवजी स्टँडर्ड, म्हणजे मूळ साइझचे पिस्टन मागवले म्हणून गेले. बाकीचे मशीन शॉपच्या रांगेत गेले, पण ते तुम्हाला वेळेवर कळवायचं काम माझं होतं.

जुने पिस्टन, बेअरिंग आणि गॅस्केट गोणीत ठेवलं आहे, मापांचा कागदही. तुमच्या ओळखीचा मिस्त्री घेऊन या, त्याच्या मायक्रोमीटरने मोजू दे. सध्या गाडी फार ताणू नका, रोज डिपस्टिक बघा. १,००० किलोमीटरला ऑइल बदलायला आणा, ऑइल आणि फिल्टर आमच्याकडून. जुना फिल्टर तुमच्यासमोर कापून त्यात धातूचा चुरा आहे का ते बघू.