सुरक्षित चिप आणि स्क्रीन : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार,

सुरक्षित चिप (छेडछाड सहन करून गुपिते जपणारी चिप) बसवलेल्या हार्डवेअर वॉलेटलाही, म्हणजे क्रिप्टो चलनाच्या गुप्त चाव्या जपणाऱ्या आणि व्यवहारांवर डिजिटल स्वाक्षरी करणाऱ्या छोट्या उपकरणालाही, मी अपुरे ठरवले आणि स्क्रीनला अवाजवी महत्त्व दिले, असा आपला आक्षेप आहे. त्याच्या पुष्टीसाठी आपण ट्रेझर या हार्डवेअर वॉलेटचे उदाहरण दिले आहे.

उदाहरण बिनतोड आहे. ट्रेझर वन किंवा मॉडेल टी यांपैकी एखादे उपकरण सुमारे १५ मिनिटे हाती आले, तर विद्युतदाबात नेमक्या क्षणी व्यत्यय आणून त्यातील कूटबद्ध सीड (ज्यातून सगळ्या चाव्या तयार होतात ते मूळ गुपित) बाहेर काढता येते, हे क्रॅकन या क्रिप्टो एक्सचेंजच्या सुरक्षा प्रयोगशाळेने जानेवारी २०२० मध्ये दाखवून दिले. त्यातला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे उपकरण चालवणारी चिप, सर्वसाधारण वापराचा होता. असा हल्ला झेलण्यासाठी तो घडवलेलाच नव्हता. उपकरण चोरीला जाण्याचे भय असेल, तेथे सुरक्षित चिप हवीच.

परंतु चिप नेमकी कशावर स्वाक्षरी करते आहे, हे मालकाला कोण दाखवते? लेजर कंपनीच्या नॅनो एस या वॉलेटमध्ये सुरक्षित चिप होती. स्क्रीन आणि बटणे मात्र शेजारच्या साध्या मायक्रोकंट्रोलरच्या ताब्यात होती. सलीम रशीद या संशोधकाने मार्च २०१८ मध्ये त्याच मायक्रोकंट्रोलरचे फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) बदलून दाखवले. त्यासाठी सुरक्षित चिप फोडावी लागली नाही. पुढे लेजरच्याच नॅनो एक्समध्ये स्क्रीन थेट सुरक्षित चिपला जोडली गेली, आणि माझ्या मते ती सुधारणा चिपइतकीच मोलाची आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या क्रिप्टो एक्सचेंजचे सुमारे दीड अब्ज डॉलरचे इथर हे क्रिप्टो चलन चोरीला गेले, तेव्हाही हार्डवेअर वॉलेटमधील चाव्या जागच्या जागी होत्या. संगणकावरील पान बदललेले होते, उपकरणावर व्यवहाराचा पूर्ण अर्थ उलगडत नव्हता, आणि अधिकृत व्यक्तींनी स्वतःच स्वाक्षऱ्या केल्या. आपण दोघेही पुण्याचे, म्हणून ऑगस्ट २०१८ मधील कॉसमॉस बँकेचे प्रकरण आपल्या स्मरणात असेलच : एटीएम व्यवहारांना मंजुरी देणारी बनावट यंत्रणा मध्ये उभी करून सुमारे ९४ कोटी रुपयांच्या त्या चोरीतील मोठा हिस्सा काढला गेला. दोन्हीकडे घात झाला तो मंजुरीच्या टप्प्यावर.

चांगल्या स्क्रीनमुळे खर्च वाढेल, ही आपली शंका रास्त आहे. तरीही पैसे कमी असतील तर मी ब्लूटूथ, बॅटरी आणि धातूचे आवरण सोडीन. पूर्ण पत्ता, रक्कम आणि स्मार्ट कराराची (ब्लॉकचेनवर चालणाऱ्या प्रोग्रामची) कृती एकत्र वाचता येईल एवढी स्क्रीन सोडणार नाही, आणि जो व्यवहार फर्मवेअरला उलगडून दाखवता येत नाही, त्यावर स्वाक्षरी करण्यास उपकरणाने मुळातच नकार द्यावा, असे ठेवीन.