अडीच फेऱ्यांचा स्क्रू आणि मेन जेट: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. इंदूरजवळच्या चोरलकडच्या शेतावर तुम्ही जी एटीव्ही (बाइकसारखं हँडल असलेली, जाड टायरांची चारचाकी) चालवता, तिला बाइकचं दीडशे सीसीचं इंजिन आहे, हवेत पेट्रोल मिसळणारा, केबलने स्लाईड (हवेची वाट उघडणारा सरकता भाग) उचलणारा साधा कार्बोरेटर आहे. सायलेन्सर मोकळा केलाय, एअरबॉक्स (हवेच्या फिल्टरची बंद पेटी) काढून उघडा कोन फिल्टर लावलाय. मिस्त्रीने कानाने ऐकून पायलट स्क्रू (आयडलिंगचं, म्हणजे रेस न देता चालतानाचं, मिश्रण ठरवणारा) अडीच फेरे बाहेर ठेवला, आयडलिंग छान आहे, स्पार्क प्लग बदामी येतोय (मिश्रण बरोबर असल्याची खूण). मग असे बदल केल्यावर मेन जेट (पूर्ण रेसला पेट्रोल सोडणारा, ठरावीक भोकाचा छोटा भाग) वाढवा असं मी आधी लिहिणं म्हणजे लोकांचं पेट्रोल जाळणं, असं तुमचं म्हणणं. वर, इंदूर उंचावर आहे, हवा विरळ, तेव्हा जेट उलट लहानच हवा. हे मला पटत नाही. का, ते सविस्तर लिहितो, कारण यात माणसाचं इंजिन जातं.

आधी तो स्क्रू. त्याची सत्ता बंद रेसपासून फार तर पाव रेसपर्यंत. पुढे पाव ते पाऊण रेसला नीडल (स्लाईडला लटकलेली सुई) आणि तिची उंची ठरवणारी क्लिप काम करते, आणि पाऊणच्या वर मेन जेट. या हद्दी थोड्या एकमेकींत शिरतात, पण स्क्रू फिरवून पूर्ण रेसचं पेट्रोल वाढत नाही, कोणीही फिरवला तरी. मिस्त्रीच्या कानाबद्दल मला आदरच आहे. पण गाडी स्टँडवर उभी असताना कान जे ऐकतो ते आयडलिंग असतं, चढावर माल ओढणारं इंजिन नाही. शिवाय अडीच फेरे कुठल्या स्क्रूचे? स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की मिश्रण लीन होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी). इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, बाहेर काढला की रिच (पेट्रोल जास्त). तोच आकडा दोन कार्बोरेटरांवर अगदी उलट काम करतो.

आता फिल्टर आणि सायलेन्सर. कंपनीने जेट निवडला तो त्या एअरबॉक्सचा अडथळा धरून. इंजिन त्या अडथळ्यातून हवा ओढतं, कार्बोरेटरच्या गळ्यात दाब उतरतो आणि त्या ओढीने पेट्रोल वर येतं. अडथळा काढला की हवा जास्त आणि ओढ कमी. मोकळा सायलेन्सर त्यात भर घालतो. जेट तोच ठेवला तर पूर्ण रेसला मिश्रण लीन होणारच.

उंचीचा मुद्दा तुमचा तत्त्वतः बरोबर आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, म्हणजे हवेची घनता सुमारे पाच टक्के कमी. पण आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांवर येतो आणि मेमध्ये ४२ला टेकतो. तेवढ्याने घनतेत दहा टक्क्यांच्या आसपास फरक पडतो, उंचीच्या दुप्पट. मेच्या दुपारी अगदी काठावर बसवलेला जेट थंडीत लीन निघतो. म्हणून मी ट्यूनिंग थंडीत तपासा म्हणतो. उंची बघून जेट लहान करायचा आणि फिल्टर उघडून हवा वाढवायची, हे दोन्ही एकाच दिशेला ढकलतं, आणि ती दिशा धोक्याची आहे.

प्लगच्या रंगावर मीही पूर्वीपासून भर देतो, पण कधी बघितला ते महत्त्वाचं. शेतावरून हळूहळू घरी येऊन, आयडलिंगला ठेवून काढलेला प्लग आयडलिंगचा रंग दाखवतो. नवा प्लग घाला, मोकळ्या जागी पूर्ण रेसवर थोडं पळवा, आणि रेस न सोडता किल स्विच बंद करा आणि त्याच क्षणी क्लच दाबा. मग आतल्या चिनीमातीच्या मुळाशी असलेलं कडं भिंगाने बघा, टोक नाही. त्यात हल्ली पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला पेट्रोलपेक्षा ते जास्त लागतं. जुन्या जेटवर गाडी आपोआप थोडी लीन होते, आणि प्लगही फिकट दिसतो. जुन्या पेट्रोलवर शिकलेल्या रंगाचा भरवसा आता कमी.

ॲव्हरेजचं म्हणाल तर बाइकवर तुमचं गणित एक वेळ चालेल. बाइक साठच्या वेगाने वारा खात पळते, इंजिनाच्या पंख्या थंड होतात. एटीव्ही काळ्या मातीत, जड टायर घेऊन, माणूस चालेल त्या वेगाने तासन्‌तास ओढत राहते. एअर कूल्ड इंजिनाला वारा मिळत नाही. तिथे लीन मिश्रण म्हणजे सिलेंडर हेड तापणं, नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकून ठोके पडणं), शेवटी पिस्टनला खाच किंवा भोक. थोडं जास्त पेट्रोल तिथे थंडावा म्हणूनही काम करतं. लिटरमागे दोन-चार किलोमीटर वाचवून बोअर-पिस्टनचा खर्च अंगावर घेऊ नका, अगदी कळकळीने सांगतो.

क्रमाबद्दल तुमची तक्रार अशी की मेन जेट आधी का, पायलट स्क्रू आधी हवा. गाडी चालू राहील इतपत आयडलिंग आधी लावाच. पण नक्की करताना फ्लोटची (कार्बोरेटरच्या तळच्या वाटीत पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) उंची, मग मेन जेट, मग नीडल, शेवटी स्क्रू. कारण जेट बदलला की खालचं सगळं थोडं हलतं. फ्लोट विसरू नका. एटीव्ही कलते, उसळते, वाटीतलं पेट्रोल डुचमळतं, आणि उंची चुकली तर उतारावर ओव्हरफ्लो, चढावर उपास. ड्रेनला पारदर्शक नळी लावून वाटीच्या कडेशी उभी धरली की पातळी डोळ्यांनी दिसते.

आणि जेटमध्ये तार घालून भोक मोठं करू नका. नवा घ्या. मिकुनी आणि केहिन या कार्बोरेटर बनवणाऱ्या दोन कंपन्या; मिकुनीचा १०० आणि केहिनचा १०० वेगळे असतात, एकाचा आकडा पेट्रोलच्या प्रवाहावरून, दुसऱ्याचा भोकाच्या व्यासावरून. ज्या बनावटीचा कार्बोरेटर त्याच बनावटीचा जेट.

माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवायचीही गरज नाही. आधी मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळीच्या) रबराला चीर नाही ना ते बघा, तिथून हवा शिरली तर सगळ्या खुणा फसवतात. मग हँडलच्या ग्रिपवर टेप लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. इंजिन गरम करून चढावर पाऊणच्या वर धरा. तिथे खोकत असेल, रेस एकदम दिल्यावर क्षणभर थांबत असेल, तर चोक अर्धा ओढा, त्याने मिश्रण रिच होतं. सुधारलं तर लीन, आणखी भुकभुकलं तर रिच. लीन निघाला तर मेन जेट एक नंबर वर, एका वेळी एकच. कुठल्या खुणेला काय होतं आणि जेटवर कोणता आकडा आहे, एवढं कळवा, पुढचं आपण मिळून ठरवू.