भायखळ्याच्या म्युझियम सहलीला मिळालेल्या दोन स्टारबद्दल

नमस्कार दादा, तुमचा रिव्ह्यू शांतपणे वाचला. तुमचं म्हणणं असं की भाऊ दाजी लाड म्युझियम दुरुस्त होऊन परत उघडलं म्हणून पुण्याहून खास बस न्यायची काही गरज नव्हती, आत नुसत्या मातीच्या बाहुल्या आणि लग्नाच्या हॉलसारखे सोनेरी खांब आहेत, महाराजांची एक तलवार नाही, अर्ध्या तासात बघून होईल त्याला आम्ही तीन तास लावले, बाहेर दगडी हत्तीपाशी उन्हात उभं केलं, शेजारच्या राणीच्या बागेतले पेंग्विन दाखवले नाहीत, नाश्ता गार होता, आणि शेवटी "इंग्रजांची इमारत, तिचं सेलिब्रेशन आपण कशाला करायचं". सहल मीच चालवते, त्या दिवशी बसमध्ये पण होते, म्हणून उत्तर मीच लिहितेय.

शेवटचं वाक्य आधी घेते कारण तेच मनाला लागलं. काळ इंग्रजांचा होता आणि नावही आधी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं, बरोबर आहे. पण ते उभं राहावं म्हणून झटलं कोण? डॉ. भाऊ दाजी, मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या बॅचचे डॉक्टर, भावाबरोबर गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवायचे, महारोगावर औषध शोधायचे आणि त्यातून वेळ काढून जुने शिलालेख वाचायचे. आणि नाना शंकरशेट. ही माणसं कमिटीत बसली, लोकांकडून वर्गणी जमवली. त्याआधी संग्रह फोर्टातल्या बरॅकीत ठेवलेला होता, तर १८५७ च्या धामधुमीत सैन्याला जागा पाहिजे म्हणून तो बाहेर काढला आणि बरंच सामान वाया गेलं, तरी हे लोक परत कामाला लागलेच ना. १८६२ ला पायाभरणी झाली, १८७२ ला म्युझियम लोकांसाठी उघडलं, नाना १८६५ लाच गेले म्हणजे त्यांना ते बघायलाही मिळालं नाही, आणि भाऊ दाजी १८७४ ला गेले. इमारतीला त्यांचं नाव लागायला १९७५ साल उजाडावं लागलं. एवढं सगळं आपल्या माणसांनी केलेलं असताना ते आपलं नाही असं मी तरी म्हणू शकत नाही.

आता सोनेरी खांब. ते आत्ता कोणीतरी हौसेने रंगवलेले नाहीत हो. आधी तिथे नंतरच्या रंगाचे थर चढलेले होते, ते काढून खालचा मूळ रंग आणि नक्षी शोधून परत केलीये, ओतीव बिडाचे खांब, त्यावर सोन्याचा वर्ख, वरचं रंगवलेलं छत, खाली इंग्लंडच्या मिंटन कंपनीच्या टाइल्स. २००३ ला करार होऊन काम सुरू झालं, २००५ ला युनेस्कोचा वारसा जतनासाठीचा आशिया-पॅसिफिकमधला सर्वात वरचा पुरस्कार मिळाला, २००८ ला दारं उघडली, आणि मध्ये परत दुरुस्तीसाठी बंद ठेवावं लागलं. मुंबईची दमट खारी हवा आणि तो पाऊस, तिथे असं काम एकदा करून भागत नाही, सारखं निगुतीने जपावं लागतं. म्हणून ते परत उघडलं की मला आनंद होतो आणि म्हणूनच बस काढली. तिथे आधी हॉल बघायचा आणि मग कपाटातल्या वस्तू, हे मी बसमध्ये माईकवर सांगितलं होतं.

हत्तीचं पण सांगते. तो आधी घारापुरी बेटावर होता, आणि पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं ते ह्याच हत्तीवरून. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायला उचलत होते तर क्रेनची साखळी तुटली आणि हत्ती पडून फुटला. ते तुकडे राणीच्या बागेत आणले आणि १९१४ मध्ये जोडून उभा केला. जवळ गेलं की दगडातले सांधे चक्क दिसतात, तुमच्या मुलाने बोट लावून दाखवायचा प्रयत्न केला तेव्हा मीच हात लावू नको म्हटलं. ऊन होतं हे खरं, पण फुटलेलं जोडून जपायचं म्हणजे काय हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही, ते थांबणं मी कमी करणार नाही.

बाहुल्यांचं म्हणाल तर त्या खेळणी म्हणून केलेल्या नाहीतच. जुन्या मुंबईत कोण राहायचं, काय कामधंदा करायचं, काय नेसायचं हे दाखवायला केलेली वीतभर माणसं आहेत ती, जवळून बघा, एकाची पगडी दुसऱ्यासारखी बांधलेली नाही, नेसणं वेगळं, उभं राहायची ढब वेगळी. तुमच्या आई त्या कपाटापाशी किती वेळ रमल्या होत्या, आणि लुगडं कुठलं कसं नेसायचे हे आमच्या ग्रुपमधल्या मुलींना त्याच सांगत होत्या! त्या दिवसातलं माझं सगळ्यात आवडतं तेच.

शस्त्रं, अडकित्ते, दिवे असं आवडत असेल तर आपल्या बाजीराव रोडवरचं केळकर म्युझियम आहे, तिथे जरूर जा, मुलांनाही न्या. भायखळ्याचं म्युझियम मुळात मुंबई शहराचं आहे, सात बेटांचं, तिथल्या कारागिरांचं, माहितीपत्रकात तसंच लिहिलंय. पेंग्विन सहलीत नाहीत हेही व्हॉट्सॲप ग्रुपवर आधीच टाकलं होतं. नाश्ता मी सगळ्यांबरोबरच खाल्ला, गरम होता.

रिफंड मागितलाय तो देता येणार नाही, जे जे सांगितलं होतं ते सगळं दाखवलंय. वेळही कमी करणार नाही, कारण वरच्या मजल्यावरचं मुंबईचं दालन बऱ्याच जणांचं घाईत झालं असं मलाच वाटलं, पुढच्या वेळी उलट तिथे जास्त थांबणार आहोत. आईंचं वर जायचं राहिलं ना, त्यांना परत यायचं असेल तर फोन करा, पुढची सीट ठेवते. तुम्ही स्वतःच गेलात तर बुधवार सोडून जा, बुधवारी बंद असतं.