बटण बंद होतं

कूलरचं बटण बंद होतं. हे इथे लेखी देऊन ठेवतो, कारण तोंडी सांगून आमच्या गल्लीत कोणाला पटलेलं नाही.

नागपूर, नवतपा म्हणजे मे अखेरचे नऊ तापते दिवस, दुपारचे दोन. यापुढे वर्णन नको. खिडकीबाहेर पत्र्याचा कूलर, त्याची टाकी कोरडी, मी बनियनवर आणि हातात नळाचा पाइप. बटण बंद करून बाहेर आलो, एका हाताने खिडकीचं ग्रिल धरलं, दुसऱ्याने कूलरची ताटी उचलायला गेलो आणि लागला. जो आवाज ऐकू आला तो माझाच होता हे जरा उशिराने कळलं. पाइप एकीकडे, मी दुसरीकडे, आणि डाव्या पायातली चप्पल थेट जांभळाच्या झाडाखाली.

कुंपणापलीकडे काकाजी उभे होते. ते असतातच.

"करंट लागला काय जी?"

मी मान हलवली. बोलायला दातांची मदत मिळत नव्हती.

"चप्पल होती काय पायात?"

"होती ना. ती काय तिकडे पडली."

त्यांनी झाडाखाली पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तिकडे ठेवून काय फायदा?"

एवढं बोलून ते घरात गेले. मला वाटलं पाणी आणायला गेले. ते टेस्टर घेऊन आले. काकाजी टेस्टर देवघरात ठेवतात, का ते मी कधी विचारलं नाही. कुंपणाचं फाटक उघडून ते आत आले आणि मला ओलांडून कूलरकडे गेले. अक्षरशः ओलांडून, मी अजून खालीच होतो. त्यांनी टेस्टर पत्र्याला टेकवला. आतला दिवा लालभडक पेटला आणि काकाजींचा चेहराही.

"पेटला ना बाप्पा! अहो ऐकता काय, इकडे या, पेटला!"

काकू आल्या. प्रेसवाला इस्त्री बाजूला ठेवून आला. समोरच्या घरातली पोरं आली. प्रत्येकाला पेटवून दाखवण्यात आलं. मी उठून म्हणालो की मेन बंद करतो, तर काकाजींनी हात आडवा केला.

"थांबा जी, थांबा. आमचे जावईबापू वर झोपून राहिले, त्यांनाही पाहू द्या."

जावईबापू डोळे चोळत उतरेपर्यंत माझ्या अंगणात एक जिवंत कूलर आणि त्याच्याभोवती अनवाणी पोरं अशी व्यवस्था होती. सुरक्षेचं असं प्रात्यक्षिक मी पाहिलेलं नाही.

"पण बटण बंद होतं," मी म्हणालो.

"चालू असन."

"काकाजी, पंखा फिरून राहिला का? बघा बरं."

त्यांनी पाहिलं. पंखा स्तब्ध होता. "पंखा जळला असन."

"आणि पंप?"

"तोही जळला असन. बटण बंद राहिलं असतं तर टेस्टर पेटला असता काय?"

यावर जावईबापूंनी सासऱ्यांकडे अशा कौतुकाने पाहिलं की मी गप्प झालो. मी एका पोराला आत पाठवून बटण बघायला लावलं. तो ओरडला, "बंद आहे!" काकाजी शांतपणे म्हणाले, "आता केलं असन त्यानं."

माणसाला करंट लागला की शेजाऱ्यांना बोलायला तोंड फुटतं. मी पायरीवर ओला बसलेलो असताना विषय करंटवरून युनिटवर गेला. काकाजींनी एसी २४ वर ठेवण्याचे फायदे सांगितले. त्यांच्याकडे एसी नाही, माझ्याकडेही नाही. तेवढ्यापुरतं ते बरोबर होते: एक अंश वर गेलं की साधारण ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो, आणि स्टार लेबलवाले एसी २०२० पासून सुरू होतानाच २४ वर असतात. पण मग म्हणाले, ३०१ वं युनिट पडलं की सगळ्या युनिटांना वाढीव दर लागतो. लागत नाही. वरचा दर त्या वरच्या युनिटांनाच लागतो, पहिली शंभर पहिल्याच दराने राहतात. मी हे सांगितलं, तर काकू म्हणाल्या, "त्यांना करंट लागला आहे, बोलू द्या."

खरं तर मी कूलर ठेवला तोच बचतीसाठी. दीड टनाचा एसी दीड हजार वॅटच्या आसपास खातो, आमचा कूलर पंपासकट दोनशेच्या आसपास. शिवाय इथली हवा कोरडी, म्हणून कूलर चालतो. मुंबईत तो नुसता घाम गाळतो. इथे उन्हाबद्दल काहीही सांगा, लोक विश्वास ठेवतात. ३० मे २०२४ ला शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते. पुढे तो सेन्सरचा बिघाड निघाला. आम्हाला आश्चर्य बिघाडाचं वाटलं, ५६ चं नाही. सेन्सरवर विश्वास बसतो, माझ्या बटणावर नाही.

संध्याकाळी वायरमन आला. तो कमी बोलणारा निघाला, म्हणून त्याच्यावर माझा जीव जडला. त्याने बोर्ड उघडला, टेस्टर लावला आणि म्हणाला, "बटणात न्यूट्रल घेतलाय. फेज सरळ." म्हणजे घर बांधताना ज्याने कोणी वायरिंग केलं त्याने बटणाने तोडायची ती, म्हणजे वीज आणणारी फेजची तार सोडून वीज परत नेणारी न्यूट्रलच तोडली. बटण बंद केलं की पंखा थांबतो, पण पंपाच्या वाइंडिंगपर्यंत वीज उभीच. पंपात पाणी शिरलं, वीज पत्र्यावर उतरली.

"मग बोर्डातला एमसीबी, तो आपोआप पडणारा खटका, का नाही पडला?"

"तो लोड वाढला किंवा शॉर्ट झाला तर पडते. एवढ्याशा गळतीनं नाही पडत. त्याला गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी लागते, ३० मिलिअँपिअरचा."

"आणि अर्थिंग?"

त्याने सॉकेट उलटं करून दाखवलं. वरच्या मोठ्या भोकामागे काहीच नव्हतं. गळालेली वीज जमिनीत नेणारी हिरवी वायर कापून भिंतीत कोंबलेली.

इथे मात्र हसणं संपलं. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंग कमजोर होतं, म्हणून दर मार्चपासून मी घरामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात बादली बादली पाणी ओततो आहे. टँकरच्या दिवसांतही ओतलं. तो खड्डा कशालाच जोडलेला नव्हता. तीन भोकांचे पैसे घेतले, तिसरं भोक शोभेचं. दर उन्हाळ्यात कूलरच्या पत्र्याला चिकटून कोणीतरी गेल्याची बातमी विदर्भात येते आणि खाली लिहिलेलं असतं, नागरिकांनी काळजी घ्यावी. मी घेतली होती. बटण बंद केलं होतं. भिंतीच्या आत जाऊन कोणी काळजी घ्यायची? कोराडीच्या वीज केंद्रात ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत, त्यांची धुराडी आमच्या गच्चीवरून दिसतात. एवढी वीज शेजारी तयार होते, आणि एक हिरवी वायर भिंतीतून सॉकेटपर्यंत येत नाही.

वायरमनने न्यूट्रल-फेज सुधारलं, हिरवी वायर ओढली, आरसीसीबी बसवला. त्याचं टेस्टचं बटण दाबून दाखवलं, घरभर अंधार झाला आणि मला फार बरं वाटलं. मग मी त्याला घेऊन कुंपणाशी गेलो. ही सगळी घरं एकाच ठेकेदाराची, एकाच साच्यातली.

"काकाजी, बटण बंदच होतं. न्यूट्रल कापला होता. तुमचंही बघून घ्या."

काकाजींनी सगळं ऐकून घेतलं. "आमच्याकडे गरज नाही," ते म्हणाले. "आमच्या घरी सगळे चप्पल घालतात."

मी आत आलो. वायरमन बराच वेळ परत आला नाही. नंतर कळलं, काकाजींनी त्याच्याकडून दारावरची बेल दुरुस्त करून घेतली होती. पैसे माझ्या हिशोबात लावायला सांगितले, सकाळी देतो म्हणाले. सकाळ होऊन गेली.