दोन झाडं आणि एक चादर

मामाचा फोन नाशकातल्या रविवार सकाळी येतो, म्हणजे आमच्या शनिवारी रात्री. या वेळचा विषय होता थिएटरं. एकपडदा थिएटरं बंद पडतायत, मल्टिप्लेक्सातले पॉपकॉर्न परवडत नाहीत, तेव्हा गंगापूर रोडच्या पुढे एखादं ड्राइव्ह-इन, म्हणजे गाडीत बसूनच सिनेमा बघायचं उघडं थिएटर, काढायला हवं, असं त्याच्या कट्ट्यावर ठरलंय. "तुमच्या अमेरिकेत बघ, कसं जपून ठेवलंय सगळं!"

कसलं जपलंय, मामा! पेटंट घेऊन काढलेलं पहिलं ड्राइव्ह-इन माझ्याच न्यू जर्सीत, कॅम्डेनजवळ, 6 जून 1933 रोजी सुरू झालं. रिचर्ड हॉलिंग्सहेड या गृहस्थानं आधी घरीच दोन झाडांना चादर बांधली, गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला, आणि पावसात कसं दिसेल हे बघायला बागेचा फवारा गाडीवर सोडला. मग 400 गाड्यांची जागा केली, पुढच्या गाडीचं टप आड येऊ नये म्हणून चढ दिले. गाडीला 25 सेंट, माणशी 25 सेंट. पडद्यापाशी भोंगे, मागच्या रांगांना आवाज उशिरा पोचायचा, शेजाऱ्यांना मात्र फुकट आणि नको असताना. तीन वर्षांत, 1936 साली, तिथला कारभार आटोपला.

पुढे पन्नासच्या दशकाअखेर देशभर चार हजारांवर ड्राइव्ह-इन झाली, हे खरं. पण दिवसभर ओसाड, अंधार पडल्यावर एक-दोन खेळ, थंडीत कुलूप. शहर तिथवर पोचलं की त्या जागेला कोण सोडतं? बिल्डर काय फक्त नाशकातच असतात? आता न्यू जर्सीत एकच उरलंय, व्हाइनलँडचं. तेही 1987 ला बंद पडून 2004 ला पुन्हा उघडलेलं. आम्ही गेलो होतो. साडेआठपर्यंत उजेड, नऊला सिनेमा, आवाज गाडीच्या एफएमवर. मध्यंतरापर्यंत मुलं झोपली आणि शेवटी आमची बॅटरीही. शेजारच्या आजोबांनी केबल लावून गाडी सुरू करून दिली. त्या संध्याकाळी आम्ही बाहेरच्या माणसाशी बोललो ते तेवढंच.

माझं भांडण याच गोष्टीशी आहे. वांद्र्याचं ड्राइव्ह-इन पाडून तिथं काचेच्या इमारती आल्या, 2021 मध्ये त्यातल्याच एका गच्चीवर ड्राइव्ह-इन परत आलं. गाडीवाल्यांची सोय होतेच कशीबशी. फाळक्यांनी मुंबईहून आपली कंपनी नाशकात आणली, त्या गावानं मोकळं मैदान मागायचंच तर काचा वर करून बसायला का मागावं? गणपतीत आमच्या गल्लीतही चादरच असायची. समोर जागा नसली की आम्ही पोरं मागून बघायचो. पाट्या उलट्या, हिरो डावखुरा. उठून गेलं की पोतं दुसऱ्याचं.

मामा जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तिकडे डास असतात का रे?"

"भरपूर."

"मग आपल्या गोदाकाठी, गंगेवरच बरं. वारा तरी असतो."