‘पोरांना मोबाइल येतोच की!’ म्हणे

परवा धाकट्या दिरांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली मलाच टॅग केलं. ‘बी.एड. कॉलेजच्या प्राध्यापकांना तंत्रज्ञानाचं प्रशिक्षण म्हणजे निव्वळ उधळपट्टी. आजची पोरं मोबाइल घेऊनच जन्माला येतात, तीच सरांना शिकवतील. वर्गात स्मार्ट बोर्ड लावला की झालं. स्वीडनने तर स्क्रीन फेकूनच दिल्या!’ सोळा वर्षं बी.एड. कॉलेजात शिकवतेय, त्यामुळे भावजी, ऐकाच आता.

आधी ते जन्माला येण्याचं. आयसीआयएलएस या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१८ साली आठवीच्या मुलांना संगणकावर माहिती शोधायला, पारखायला, मांडायला लावलं. सगळ्यात वरच्या पायरीवर पोचली सरासरी २ टक्के. रील बनवणं वेगळं. आणि मोबाइलवर तरबेज असलेली मुलगी बी.एड.ला आली, तरी त्यावर वर्गाला शिकवायचं कसं, हे तिला कुठून कळणार?

मागच्या महिन्यात एका सराव पाठाला मागच्या बाकावर बसले होते. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज. छात्राध्यापिकेने जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरवर झकास त्रिकोण काढला, शिरोबिंदू ओढला, ‘बघा, १८०च राहते’ म्हणाली आणि पुढे गेली. वर्ग ढिम्म. टाचणात सगळं होतं, फक्त ओढण्याआधी ‘हा कोन वाढला तर बाकीच्या दोघांचं काय होईल?’ हा प्रश्न नव्हता. दोन दिवसांनी दुसऱ्या तुकडीवर तिने आधी विचारलं, तर पोरं आपसात भांडायला लागली. ही चूक धरायला मला जिओजेब्रा यावं लागतं, आणि ते मी चाळिशीत, रडतखडत शिकले. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या शिक्षण-संशोधकांनी २००६ मध्ये मांडलंय ते हेच: विषय, अध्यापन आणि तंत्रज्ञान सुटं सुटं येऊन भागत नाही.

स्मार्ट बोर्डाचं काय सांगू! एका कॉलेजात त्याच्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही.

स्वीडनचं अर्धं खरं आहे. २०२३ मध्ये तिथल्या सरकारने छापील पुस्तकांसाठी जादा पैसे दिले, लहानग्यांच्या स्क्रीनला आवर घालायचं ठरवलं. पण स्क्रीन कधी लावायची, कधी मिटायची हे वर्गात ठरवणार शिक्षकच ना? त्याला ते कोण शिकवणार?

आणि हो, आमची बरीचशी प्रशिक्षणं टाकाऊ असतात. दोन दिवस कुणाची तरी पीपीटी, चहा-बिस्किट, प्रमाणपत्र. उधळपट्टी म्हणायचीच तर त्याला म्हणा, मीही सही करते.

सोमवारी साडेदहाला पुढचा पाठ आहे, भावजी. मागच्या बाकावर जागा असते.